वळवलेला नाला

नन्नावरे बाईंना मी बसलेलं पाहिलं ते फक्त सायकलच्या सीटवर. भद्रावतीजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पर्स बसायची. बाई उभ्यानं चहा प्यायच्या, खिडकीच्या कठड्यावर गठ्ठा ठेवून उभ्यानं पेपर तपासायच्या, आणि मुख्याध्यापकांची मीटिंग लांबली की दाराशी जाऊन एक पाय चौकटीबाहेर ठेवून ऐकायच्या. त्यांच्या शेजारी थोडा वेळ काढला की आपल्यालाही उगाच वाटायचं, कुठंतरी जायचं राहूनच गेलंय. मला मुळात आडवं पडायला आवडतं. अशा माणसाला असली सहकारी मिळावी, यालाच भोग म्हणत असावेत.

दिसायला उंच, काटक. उन्हानं रापलेला चेहरा, पायात कॅनव्हासचे बूट आणि ओढणी कमरेला अशी करकचून बांधलेली, की आत्ता भांडायला निघाल्यात की काय असं वाटावं. लग्न केलेलं नव्हतं आणि का नाही केलं, हे विचारायची आमच्यातल्या कोणाची छाती नव्हती. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या, पण घंटा झाली की ते मराठी खडूबरोबर टेबलावर ठेवून द्यायच्या. कोणी काहीही अडचण सांगितली, घरभाडं, पोराची दहावी, बायकोचं डोकं, की बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं: “बसून काय होते?”

आता त्या आमच्या शाळेत नाहीत. इथली माणसं गडचिरोलीची बदली येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात. बाईंनी ती मागून घेतली. का, असं विचारलं तर म्हणाल्या, “तिथले नाले अजून आपल्या जागेवर आहेत, सर.” हे उत्तर नीट कळायला त्यांच्यामागं दोन हिवाळे सायकल हाणलेली असावी लागते.

माझी सायकल सुरू झाली ती माझ्याच मूर्खपणामुळं. डॉक्टरांनी रक्तात साखर सापडली म्हणून रोज हातपाय हलवायला सांगितलं होतं, आणि ही बातमी मी सहानुभूती मिळेल म्हणून स्टाफरूममध्ये सांगितली. पुढच्या रविवारी सकाळी दारात घंटी. बाई सायकलवर, एक पाय जमिनीवर. शेजारी बसस्टँडजवळच्या सायकलदुकानातले शकीलभाई, हातात माझ्यासाठी एक सेकंडहँड सायकल. गिऱ्हाईक रस्त्यात पडलं तर दुकानाचं नाव जातं म्हणून शकीलभाई स्वतः बरोबर आले, आणि पुढं दर रविवारी येतच राहिले. घरी सहा माणसांच्या गलक्यात त्यांना शांतता मिळत नसे, हे खरं कारण. गावात थोडी कुजबुज झाली. बाईंच्या कानावर गेली तेव्हा त्या म्हणाल्या, लोकांचं तोंड तरी चालतंय ना, चालू द्या.

चंद्रपूरकडं अलीकडं सायकलवाल्यांचे गट निघालेत. रंगीत हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे, हायवेवरून भुर्रकन जाऊन नाश्त्याला परत. बाईंचं सगळं उलटं होतं. काळी, बिनगिअरची, मागं भलंथोरलं कॅरियर असलेली सायकल, आणि डांबरी रस्ता दिसला की तो टाळायचा. त्यांना नाल्याचा काठ लागायचा. जिथं पाणी तिथं गाईगुरं जाणार, बाया धुणं नेणार, म्हणजे पायवाट असणारच, असा त्यांचा हिशेब. वाट असायचीही, पण ती बकरीच्या मापाची. एका बाजूला कपाशी, दुसऱ्या बाजूला करंजाची झुडपं, मध्ये आम्ही. पाणी आडवं आलं की सायकल खांद्यावर. झाडी दाट झाली की बाई घंटी वाजवत सुटायच्या, थांबायच्याच नाहीत. रानडुक्कर असो की त्याहून मोठं कोणी, त्यालाही आधी कळवलेलं बरं असतं, असं त्यांचं म्हणणं. तो घंटीचा आवाज सुरू झाला की माझी साखर आपोआप उतरत असावी.

आणि कुठंही थांबायचं नाही. उंबराखाली गार सावली असायची, शकीलभाई थर्मास काढायचे, मी गवतावर पाठ टेकणार तोच बाई म्हणायच्या, “चला, पुढं वळण पाहू.” पुढच्या वळणावर पुढचं वळण असायचं. दुसरा हिवाळा लागला तेव्हा मी एकदा चिडून विचारलं की आपल्याला जायचं तरी कुठं आहे. मला वाटलं होतं, ठिकाण महत्त्वाचं नसतं वगैरे काहीतरी ऐकायला मिळेल. पण बाईंनी सरळ सांगितलं, “माझ्या गावाले. वाट शोधून राह्यली.”

बाईंचं गाव सावरझरी, हिवरनाल्याच्या काठचं. कोळशाच्या खाणीसाठी ते उठलं आणि मोठ्या रस्त्यालगत नवीन वसलं. सिमेंटचे रस्ते, एकसारखी घरं, नळ, समाजमंदिर, सगळं रीतसर. पण ज्या आठवड्यात गाव उठलं, त्याच आठवड्यात बाईंचे बाबा चंद्रपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन होऊन पडले होते. म्हातारा जुन्या घरातून दवाखान्यात गेला आणि दवाखान्यातून थेट नव्या घरात आला. मधलं काहीच त्यानं पाहिलं नाही. पहिले काही महिने तो दारातल्या बाजेवर बसून रस्त्याकडं बघत राहायचा आणि बाई शाळेतून आल्या की विचारायचा, गाव आहे का अजून.

गाव होतं, म्हणजे जागा होती. घरं पाडली होती, झाडं उभी होती. पण खाणीतून निघालेल्या मातीचा डोंगर दरवर्षी तिकडं सरकत होता आणि येत्या पावसाळ्याच्या आत जागा त्याखाली जाणार होती. रस्त्यावर खाणीचं फाटक होतं. बाईंनी अर्ज केले, सुरुंगाचं कारण मिळालं, सुरक्षेचं कारण मिळालं, उद्या या असं मिळालं. मोटारसायकलला फाटकावरच अडवत. बाबांना तेवढं चालवत नव्हतं. राहिली सायकल आणि नाल्याची कड.

“मी निरोप घेतला, सर,” बाई म्हणाल्या. “देवीले नारळ फोडलं, दाराले हात लावला, निंगाली. बाबाचा राह्यला. त्याईले एकदा तिथी उभं करू द्या, मंग टाकू दे कोणाले माती टाकायची तं.”

त्यानंतर मी सावलीत पाठ टेकायचा हट्ट सोडला, निदान बोलून दाखवायचा तरी. रविवारमागून रविवार आम्ही त्या खाणीभोवती फिरत होतो, पोळ्याभोवती माशा फिरतात तसे. एका बाजूला खंदक, एका बाजूला कुंपण, एका बाजूला पानांवर काळी धूळ बसलेलं तुरीचं शेत आणि त्यापुढं फाटक. दर वेळी बाई म्हणायच्या, ही नाही तर दुसरी असेल. बाबांना ठाऊक नव्हतं. सापडल्यावरच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मग एका हिवाळी सकाळी बाईंना नाला सापडला. खाणीच्या पार पलीकडं, वरच्या अंगाला. हिवरनाल्याचंच पाणी, शंकाच नव्हती. बाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. लहानपणी रानात भूल पडली तर काय करायचं, हे त्यांच्या आईनं शिकवून ठेवलं होतं. पाणी उजव्या हाताला ठेवून उताराला चालत राहायचं, गाव आपणहून येतं. सावरझरीची सगळी लेकरं याच शिकवणीवर वाढलेली. बाई पुढं, पाणी उजवीकडं, घंटी नाही, बोलणं नाही, आणि वेग असा की शकीलभाई मागून अल्लाचं नाव घेत होते.

थोड्या वेळानं मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. नाल्याला वळणंच येईनात. काठावर झाडं नव्हती. दोन्ही बाजूंना दगड बसवलेले, रुंदी सगळीकडं सारखी, शाळेतल्या पोरानं पट्टीनं रेघ मारावी तसं पाणी. बाईंना ते दिसत असणारच, पण त्या थांबल्या नाहीत. पाणी एका कुंपणाशी पोचलं, तिथं पंप होते, पलीकडं मातीचा बोडका डोंगर. पहारेकरी धावत आला. बाईंनी त्याला विचारलं, सावरझरी कुठं. तो भला माणूस होता. म्हणाला, “मॅडम, इधर कोई गाँव नहीं है. नाला घुमा दिया ना.”

खाणीसाठी नाला वळवणार हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. दहावीच्या वर्गाला त्यांनी स्वतः फळ्यावर काढून शिकवलं होतं. जुनं पात्र तुटक रेघेनं, नवं सलग. पोरांना त्यावर प्रश्नही घातला होता. आणि तीच बाई पाण्यामागं धावत इथं आली होती. परतताना त्या सायकल हातात धरून पायीच चालत राहिल्या. शकीलभाईंना राहवेना. ते म्हणाले, “बाई, पानी बेईमान निकला.” बाई हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं.

“डोक्याले ठाऊक होतं, शकीलभाई,” त्या म्हणाल्या. “पायाले कोणी सांगतलंच नाई.”

त्या दिवसानंतर बाई सैरभैर झाल्या. वर्गात अर्ध्या वाक्यावर थांबायच्या. डबा विसरायच्या. पावसाळ्याला अजून अवकाश होता, पण मातीचा डोंगर शाळेच्या गच्चीवरून दिसायचा आणि मधल्या सुट्टीत त्या गच्चीवर जाऊन त्याच्याकडं बघत राहायच्या, जणू बघितल्यानं तो जागच्या जागी राहणार होता. मला त्यांची काळजी वाटायची आणि राग यायचा, दोन्ही. एका म्हाताऱ्याला पडकं गाव दाखवून काय मिळणार, हे मी मनात म्हणायचो.

महाशिवरात्रीच्या सुट्टीला लागून रविवार आला, तेव्हा बाईंनी मार्कंड्याची टूम काढली. जत्रेला, सायकलनं, वाटेत मूलला मुक्काम. देवदर्शनाची ओढ त्यांना कधी नव्हती, पण त्यांना कुठंतरी जायचंच होतं, आणि शकीलभाईंना जत्रेतली गर्दी आवडते. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा माझ्या मांड्या माझ्या राहिल्या नव्हत्या. देवळाच्या ओट्यावर मी अंग टाकलं. बाई कोरीव मूर्तींवरून एक नजर फिरवून तडक वैनगंगेच्या काठाला गेल्या. आपला नाला वर्धेला मिळतो आणि वर्धा-वैनगंगेची भेट खाली प्राणहितेत होते, तेव्हा या पाण्यात आपला थेंबही नाही, अशी तक्रार त्या शकीलभाईंकडं करत होत्या. शकीलभाई मान डोलावत भजी खात होते.

नदी आटली होती. एका कडेला पाण्याची धार आणि बाकी सगळी वाळू. त्या वाळूतून पलीकडच्या गावांची माणसं जत्रेला येत होती. डोक्यावर पोरं घेतलेले बाप, नव्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, हातात सायकली धरलेली पोरं, एक बैलगाडीसुद्धा. नदीचा सरळ रस्ताच झालेला होता. बाई ते बघत उभ्या राहिल्या आणि मग अशा धावत आल्या, की मला वाटलं कोणी बुडालं.

“सर, उठा,” त्या म्हणाल्या. “पाणी गेलं. पण नाला कुठी गेला? नाला तिथीच असन ना.”

मला कळेना. तेव्हा त्यांनी ओट्यावरच्या धुळीत बोटानं काढून दाखवलं. पाणी जिथून वळवलं तिथं मातीचा बांध घातला असणार. त्या बांधाच्या पलीकडं जुनं पात्र कोरडं पडलं असणार, वळणावळणाचं, दोन्ही काठ उंच, म्हणजे फाटकावरून न दिसणारं. आणि ते दुसरीकडं कुठं जाणारच नाही, सावरझरीलाच जाणार. आम्ही इतके दिवस ओल्याच्या मागं फिरत होतो. बाईंना लगेच निघायचं होतं. मी हात जोडले, शकीलभाईंनी अजून भजी मागवून वेळ काढला, पण दुपार कलायच्या आत आम्ही परतीच्या रस्त्याला होतो. मी देवाला नमस्कार केला की नाही, हे मला आजही आठवत नाही.

पुढच्या रविवारी बाबा निघाले. शकीलभाईंनी बाईंच्या कॅरियरला जाड पट्टी मारली होती, वर उशी बांधली होती, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या लावल्या होत्या. म्हातारा धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी अशा थाटात कॅरियरवर बसला, बाईंच्या कमरेची ओढणी मुठीत धरली आणि लग्नाला निघाल्यासारखा शेजाऱ्यांकडं बघून हसला. बाईंना आता एवढी खात्री होती, की बांध डोळ्यांनी पाहायच्या आधीच, आदल्या दिवशी, त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं. तो म्हणे फक्त एवढंच म्हणाला, परत कधी येऊ.

बांध सापडला. त्याच्या पलीकडं कोरडं पात्र, अगदी बाईंनी सांगितलं तसं. वाळू, गुळगुळीत गोटे, मधूनमधून पांढरे पडलेले शिंपले, आणि वर दोन्ही काठांवर पळस लालभडक. जिथं जमीन घट्ट होती तिथं बाई चालवायच्या, वाळूत आम्ही दोघं मागून ढकलायचो. उन्हं चढली, घामानं डोळे झोंबायला लागले, पण बाईंना दम म्हणून लागत नव्हता. म्हातारा एकेक वळण ओळखत होता. इथं डोह होता, इथं बैल धुवायचो, इथं तुझी माय पडली होती. मग एक गाडीवाटेचा चढ लागला, सायकल रेटत आम्ही वर आलो आणि गावात उभे राहिलो.

काही नव्हतं. जोत्यांचे उंचवटे, शाळेची एक भिंत, मोहाची झाडं, एक लिंब. आणि पाठीमागं, अगदी जवळ, मातीचा डोंगर. बाबा काठी टेकत पुढं गेले. बाईंनी घर दाखवलं तर म्हणाले, हे नव्हे, हे बाजूचं, आपलं ते. मग आपल्या जोत्यावर चढून उभे राहिले. चारी बाजूंना पाहिलं, खाकरले, थुंकले. बाईंनी पिशवीतून नारळ काढला होता, डबा काढला होता, म्हाताऱ्यासाठी एक चादरही आणली होती. ती लिंबाखाली अंथरत होत्या.

“बरं झालं. पाह्यलं,” बाबा म्हणाले. “चाल आता, सुमन.”

बाईंना वाटलं, त्यांना उन्हाचा त्रास होतोय. त्या म्हणाल्या, “बाबा, बसा ना थोडं. आत्ताच तं आलो.”

“काऊन? नळ येते ना आता. आपला ड्रम रिकामा आहे, ते बाजूची बाई आपला पाइप काढून तिचा लावते.” मग म्हाताऱ्यानं जरा आवाज उतरवून सांगितलं, “आन् दुपारी पत्ते राह्यते. मी नाई गेलो तं त्याईले चौथा कुठी भेटन?”

मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला, की मी तोंड फिरवलं. दोन हिवाळे. शकीलभाई टॉवेलात तोंड खुपसून खोकल्यासारखं करत होते, हसत होते की काय देव जाणे. बाई चादरीचं एक टोक हातात धरून तशाच वाकून राहिल्या होत्या. मग त्यांनी चादरीची घडी घातली. डबा पिशवीत ठेवला. नारळ लिंबाच्या बुंध्याशी फोडला, एक वाटी तिथं ठेवली, एक बाबांच्या हातात दिली. बाबांनी खोबरं खिशात टाकलं आणि कॅरियरकडं चालू लागले. बाई रडल्या नाहीत. त्यांचं तोंड मात्र हरवलेल्या पोरासारखं झालं होतं. तेव्हा मला कळलं, की म्हातारा केव्हाच नव्या गावाला पोचला होता. गाव सुटलं नव्हतं ते बाईंचं.

त्यांनी म्हाताऱ्याला बसवलं आणि आमची वाट न बघता सायकल गाडीवाटेच्या उतारावर सोडली. खाली ती वाट नाल्याला आडवी जायची. गाड्या रुतू नयेत म्हणून गावानं तिथं कधीकाळी दगड बसवले होते, पाणी त्यांच्यावरून गुडघाभर वाहायचं. मी आणि शकीलभाई वर काठावर उभे होतो. बाबा मागं बसून काहीतरी सांगत होते, बहुतेक पत्त्यांचंच. दगड आले तसे बोलता बोलताच त्यांनी दोन्ही पाय खुंट्यांवरून वर उचलून धरले आणि एका हातानं धोतर गुडघ्यापर्यंत ओढून घेतलं. पुढं बाईंनीही पॅडलवरचे पाय उचलले होते, दोन्हीकडं लांब, भिजू नयेत असे. दोघंही तसेच पाय वर धरून, कोरड्या दगडांवरून, पलीकडच्या काठाला लागले.